अकरा नंबरचा चौकोन

प्रशिक्षण म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. नोकरीत इतकी प्रशिक्षणं केली, की आमच्या घरी कापडी पिशवी विकत आणायची वेळ कधी आली नाही. दर प्रशिक्षणाला एक पिशवी मिळते, आत एक पेन आणि एक वही. पण त्या वर्षीचं प्रशिक्षण वेगळं आहे, असं केंद्रप्रमुखांनी फोनवर सांगितलं. काय वेगळं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. "मॅडम, अभ्यासक्रम आता तुम्हीच बनवायचाय म्हणं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत मला कुणी फळ्याचा रंगसुद्धा विचारला नव्हता, आणि आता एकदम अभ्यासक्रम! मला आनंद झाला की भीती वाटली, ते तेव्हाही कळलं नाही.

मी दौलताबादच्या पुढच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे. शाळेच्या दारात उभं राहिलं की किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा मिनार समोर दिसतो. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, मलाही वाटेनासं झालं होतं. प्रशिक्षण शहरात होतं, सहा दिवस. हॉलमध्ये गेले तर एका बाजूला आम्ही शिक्षक बसलेलो आणि दुसऱ्या बाजूला वेगळीच माणसं. कुणी ढोलकी घेऊन आलेलं, कुणी विणकामाचे नमुने, एक बाई मातीची खेळणी टोपलीत घालून. ते कलाकार होते. योजना अशी होती, की प्रत्येक शिक्षकानं एका कलाकाराशी जोडी करायची, दोघांनी मिळून एक घटक तयार करायचा, म्हणजे विषय आणि कला यांचे एकत्र गुंफलेले चार-पाच पाठ. मग शिक्षकाच्या शाळेत त्यातला एक पाठ परीक्षकांसमोर घेऊन दाखवायचा. पाठ पसंत पडला तर त्या कलाकाराला तालुक्यातल्या शाळांवर वर्षभर शिकवायचं काम मिळणार.

म्हणजे पाठ फसला असता तर माझं काही बिघडणार नव्हतं. मी होते तिथंच राहणार होते. बिघडणार होतं ते माझ्या जोडीदाराचं.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. माझ्या वाट्याला आले एक पेंटर. साठीचे, शहरात शहागंजच्या मागं राहणारे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पण नखांच्या कडेला निळा रंग बसलेला. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. मग शाळांच्या भिंती, कंपन्यांची कंपाउंडं, मिळेल ते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. खुर्ची ओढून बसता बसता ते म्हणाले, "मॅडम, मेरेकू रंगवता येतं, पढाना नै आता. पन हे काम पायजे मला. शिडीवर आता पाय कापतात."

इतकं सरळ बोलणारं माणूस मला सरकारी प्रशिक्षणात पहिल्यांदाच भेटलं.

मार्गदर्शक पुण्याहून आले होते. तरुण, अतिशय नम्र, आणि कुणालाही चूक म्हणायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखे. त्यांनी एक तक्ता वाटला. उद्दिष्ट, अध्ययन निष्पत्ती, पुरावा, उपक्रम, मूल्यमापन, चिंतन, असे रकाने. मी हात वर करून विचारलं, "सर, उद्दिष्ट आणि निष्पत्ती यात फरक काय?"

"फार छान प्रश्न," ते म्हणाले. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काही वाटत असतं तर मी विचारलं असतं का? तरी काहीतरी बोलले. ते म्हणाले, अगदी बरोबर. माझ्या शेजारच्या गुरुजींनी बरोबर उलटं सांगितलं. तेही अगदी बरोबर निघालं. मग आम्ही पिवळ्या चिठ्ठ्यांवर आपापली निष्पत्ती लिहून भिंतीवर चिकटवली. पंखा लावल्यावर त्यातल्या निम्म्या खाली पडल्या, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कुणाची चिठ्ठी कुठली हे कुणालाच सांगता येईना. मी दुसऱ्याच कुणाची तरी उचलून चिकटवली. तिचंही कौतुक झालं.

हसू नका, मला खरंच शिकायचं होतं. इतकी वर्षं पुस्तक उघडून पान संपवायचं काम केलं होतं. आपण काही आखू शकतो, ही कल्पना मला आवडली होती. पण दिवसभर ऐकून बाहेर पडले की डोकं जड व्हायचं आणि हातात धरण्यासारखं काही नसायचं. तिसऱ्या दिवशी मात्र सरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कळली असं वाटलं. ते म्हणाले, "आखणी शेवटापासून करायची. घटक संपल्यावर मूल काय करून दाखवेल, ते आधी ठरवा. मग तिथून मागं मागं या." मी वहीत लिहिलं, 'शेवट आधी', आणि खाली दोन रेघा मारल्या. चाचा म्हणाले, "ये तो सही है. पाटीवर शेवटचं अक्षर कुठं बसणार ते आधी बघावं लागतं, नाय तर जागा पुरत नाय." सर इतके खूश झाले की त्यांनी चाचांना ते सगळ्यांसमोर पुन्हा सांगायला लावलं. चाचा लाजले.

आमचा घटक चाचांच्या एका सवयीतून निघाला. लहान चित्र मोठ्या भिंतीवर उतरवायचं तर ते चित्रावर आधी चौकोन आखायचे, भिंतीवर तितकेच, पण मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनात जे दिसतं तेवढंच मोठं करत जायचे. हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. वडील उर्दू पाट्या लिहायचे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर हळूहळू पाट्या बदलायला लागल्या आणि वडलांना मराठी अक्षर ओळखता येईना. "मग अब्बा काय करायचे," चाचा म्हणाले, "कुणाकडून तरी कागदावर लिहून घ्यायचे, खाने पाडायचे, आणि खान्यात काय हाय ते उतरवायचे. लिवलंय काय ते मालूमच नै. म्हणायचे, बेटा, पूर्ण बघू नको. पूर्ण बघितलं की हात आपल्या मनाचं काढतो. समोरचा खाना बघ."

हे ऐकून मला एकदम गणित दिसलं. प्रमाण, क्षेत्रफळ, निरीक्षण. चोवीस मुलं, चोवीस चौकोन. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तिच्यावर नंबर आणि चित्राचा एक तुकडा. आपला तुकडा आपल्या नंबरच्या चौकोनात चौपट करून काढायचा. पूर्ण चित्र कशाचं, ते सगळं झाल्यावर कळणार. तक्त्याला नमुना म्हणून आम्ही किल्ल्याचं चित्र चिकटवलं, मिनारासकट. सर म्हणाले, छान, म्हणजे त्यांचं नेहमीचंच. पण शेवटच्या दिवशी ते असंही म्हणाले, की उत्तर मुलाला आधीच माहीत असेल तर ते शिकणं नव्हे, ते आठवणं. वाक्य सुंदर होतं. मी वहीत उतरवून घेतलं. चाचांनी काही लिहिलं नाही, ते नुसतं ऐकत होते.

पुढं मी जे केलं ते नीट सांगते, कारण इथंच माझा सगळा गोंधळ आहे.

पाठ दोन आठवड्यांनी होता. चाचा तेव्हा वाळूजला एका कंपनीची भिंत रंगवत होते, ते थेट पाठाच्या दिवशी येणार होते. मी वही काढून बसले. शेवट आधी. शेवटी मुलांनी काय करून दाखवायचंय? किल्ला. मग किल्ला आधी पक्का करायला नको का? आज हे वाचणाऱ्याला हसू येईल, पण मला त्यात काही खोट दिसली नाही. शिवाय आमच्या खात्याची रीतच आहे. साहेब येणार म्हटलं की आठ दिवस तयारी चालते. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, म्हणजे हात सगळ्यांचे वर दिसतात आणि बाईंना कुणाला विचारायचं ते कळतं. हे मी नव्यानं नोकरीला लागले तेव्हा मला एका मोठ्या बाईंनी मायेनं शिकवलं होतं. त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. त्याला तयारी म्हणतात. आणि या वेळी तर मी माझ्यासाठी करतच नव्हते. शिडीवर पाय कापणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी चिठ्ठ्या केल्या आणि तळफळ्यावर, म्हणजे भिंतीच्या खालच्या अंगाला मुलांसाठी काळा रंग दिलेला पट्टा असतो त्यावर, चौकोन आखले. मुलांना नंबरानं बसवलं. दोन दिवसांत पाच वेळा किल्ला काढून घेतला आणि पाच वेळा पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तर पोरं चिठ्ठीशिवाय काढायला लागली. मी खूश. संध्याकाळी चौकोनही पुसून टाकले. एकच मुलगी त्या दोन्ही दिवशी आली नव्हती. सीताफळांचे दिवस होते, आईबरोबर ती किल्ल्याच्या रस्त्याला टोपलीपाशी बसायची. अकरा नंबर तिचा. मिनाराचा मधला भाग. तिचा चौकोन दर वेळी मीच भरत होते.

पाठाच्या दिवशी ती आली. वेणी घालून, स्वच्छ गणवेशात. मी तिला तिच्या जागेवर बसवलं आणि मनात म्हटलं, दोन उभ्या रेघा तर आहेत, काढेल.

परीक्षक दोघं होते, पुण्याचे सर आणि आमचे केंद्रप्रमुख. चाचा तोच पांढरा शर्ट घालून आले. त्यांनी खडूच्या भुकटीत बुडवलेलं सूत काढलं, दोन मुलांना टोकं धरायला लावली आणि ताणून फटकारलं. भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटली तशी मुलं "ओ!" करून ओरडली. त्यांना न शिकवलेली तेवढी एकच गोष्ट होती. सगळे चौकोन आखून झाल्यावर चाचांनी खिशातून चिठ्ठ्या काढून वाटल्या. स्वतः घरून करून आणलेल्या, स्वच्छ, एकेक नंबर घोटून लिहिलेला. मी मागं उभी होते. चिठ्ठ्यांवर काय आहे ते बघायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण मला माहीत होतं.

मुलं भिंतीशी बसली आणि धडाधड काढायला लागली. चाचा पहिल्या मुलापाशी वाकले, त्याच्या चिठ्ठीवर बोट ठेवून काहीतरी म्हणाले. तो म्हणाला, "व्हय चाचा, येतंय मला," आणि काढतच राहिला. चाचा दुसऱ्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली. काळजी करू नका, सगळं पक्कं आहे, असं मला म्हणायचं होतं.

सर मोबाइलवर चित्रण करत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आत्मविश्वास बघा मॅडम. चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाहीयेत."

भिंतीवर किल्ला उभा राहत होता. फक्त अकरा नंबरची मुलगी मागं पडली होती. ती चिठ्ठी डोळ्यांजवळ धरायची, भिंतीवर बोटानं माप घ्यायची, थोडी रेघ काढायची, पुन्हा चिठ्ठी बघायची. सगळ्यांचं झालं तरी तिचं चालूच होतं. आणि ती बाजूला झाली तेव्हा मिनाराच्या मधोमध एक जाड, वळलेली, कमानीसारखी रेघ होती. मिनाराला तिचा काही संबंध नव्हता.

केंद्रप्रमुख हसले. "हे काय काढलं गं, पोरी?"

आता चुकला पाठ, गेलं चाचांचं काम. दोन दिवस गैरहजर होती, हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण ते बोलले असते तर तयारी उघडी पडली असती. मी म्हणाले, "सर, ती जरा कच्ची आहे." पुढं होऊन डस्टरनं तो चौकोन पुसला आणि तिच्या हातातला खडू घेऊन दोन उभ्या रेघा मारल्या. मिनार पूर्ण झाला. सरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मुलांनीही वाजवल्या. मुलगी खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

चाचांचा एक हात शर्टाच्या खिशात होता. तो तिथंच राहिला.

परीक्षक चहा घेऊन गेले. शेऱ्यात उत्कृष्ट लिहिलं होतं, आणि मुले चिठ्ठीवर अवलंबून नव्हती, असंही. शाळा सुटली. चाचा सूत गुंडाळत बसले होते. मी जमिनीवर पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला वाकले, आणि हातातल्या चिठ्ठीवर खूर दिसला. दुसरीवर शेपटी. मी चिठ्ठ्या फरशीवर नंबरानं मांडल्या. रवंथ करत बसलेली म्हैस होती ती. शाळेच्या फाटकापाशी रोज बसते तीच. अकरा नंबरच्या चिठ्ठीवर तिचं शिंग होतं, जाड, वळलेलं. पोरीनं काढलेलं अगदी तसंच, चौपट.

मी फरशीवरच बसले.

"ते सर म्हणले ना," चाचा म्हणाले, "जवाब आधी मालूम असंल तर ते शिकणं नाय. मला पटलं ते. किल्ला तर ही पोरं डोळे मिटून काढतील, म्हणून म्हैस केली. तुम्हाला सांगायला पायजे होतं." मग खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर पूर्ण म्हैस होती, रंगवलेली. शेवटी मुलांना उघडून दाखवायला आणलेली. "काढणारच होतो, मॅडम. हात घातला होता खिशात. सांगणार होतो की ही एकटी पोरगी पास हाय. मग डोक्यात आलं, आपला पाठ जाईल, काम जाईल." त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. "हात निघालाच नै."

मला त्यांचा राग आला, न सांगता चित्र बदललं म्हणून. लगेच लाज वाटली. मग सरांचा राग आला, ज्यांना सगळंच छान दिसतं. मग पुन्हा माझ्या हातातला डस्टर आठवला. कुणाचं चुकलं ते मी आजही नीट मांडू शकत नाही. सरांचं दोन्ही सांगणं खरं होतं. एक वाक्य मी घेतलं, एक चाचांनी घेतलं. मी त्यांच्यासाठी केलं, हे खरं आहे. पण डस्टर उचलताना मला चाचा आठवले होते की केंद्रप्रमुखांचं हसू टोचलं होतं, हे मी अनेकदा स्वतःला विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय. परीक्षकांना फोन करून खरं सांगावं, असंही वाटलं. चाचांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली केली. मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं. तिची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती तिला दाखवली. म्हटलं, "बाळा, काल तुझं बरोबर होतं. बाकी सगळ्यांचं चुकलं होतं."

तिनं चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "मग पुसलं कामून, बाई?"

एवढ्या प्रशिक्षणांत मी पुष्कळ प्रश्न ऐकले, त्यांची उत्तरंही पाठ केली. हा प्रश्न त्यांत नव्हता. "माझी चूक झाली," मी म्हणाले. ती हो म्हणाली आणि खेळायला पळाली. मला वाटलं, बरं झालं, मुलं लवकर विसरतात.

चाचांना काम मिळालं. वर्षभर ते दर गुरुवारी आमच्या शाळेवर यायचे. फार चांगलं शिकवायचे, हे मी शपथेवर सांगेन. दर वेळी नवं चित्र, आणि मी मुलांना आधी काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. मुलंही हळूहळू चिठ्ठीत बघून काढायला शिकली. चाचा चिठ्ठ्या वाटायचे आणि त्यांचं लक्ष अकरा नंबरवर असायचं, माझंही असायचं. ती चिठ्ठी घ्यायची, पालथी मांडीवर ठेवायची आणि खडू हातात धरून थांबायची. शेजारच्या दहा नंबरनं काय काढलं ते बघायची, बारा नंबरनं काय काढलं ते बघायची, आणि दोघांच्या रेघा जुळतील अशी आपली रेघ मधे ओढायची. चाचा एकदा तिच्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "बेटा, चिठ्ठी बघ ना तुझी. तू बघून काढते ते लई चांगलं असतं." तिनं चिठ्ठी उलटली, बघितली आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं, "बाई, हेच काढू का?"

मी हो म्हणाले. तरी ती दहा नंबरचं होईपर्यंत थांबली. त्या वर्षी तिचा एकही चौकोन कुणाला पुसावा लागला नाही.